बिस्कूची बिनदांडीची पातेली

मी एक जुनी पातेली आहे, आणि मी रागावलेली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला लागल्या की उसासे टाकतात, डोळे पुसतात. मला ते जमणार नाही. माझं पाणी डोळ्यांत नसतं. मला पोट आहे, पोटात पाणी असतं, आणि ते पाणी खवळतं. माझा स्वभावच तसा. सांगायचं ते मी खवळूनच सांगणार.

मला नीट पाहा. स्टीलचं अंग, जाड बूड, काठावर एक पोचा. आणि कडेला दोन बुजवलेली भोकं, तिथे एके काळी दांडी होती. काळी, लांब, मुठीत छान बसणारी दांडी. ती गळून पडली नाही. ती काढावी लागली. का काढावी लागली, ते सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका गोल चकतीतून झाला. कारखान्यात एक भलंमोठं यंत्र होतं, ते धाडकन खाली यायचं आणि चकतीची वाटी व्हायची. मग मला घासलं, चमकवलं, बुडाला आणखी एक जाड थर चढवला. सगळ्यात शेवटी एका बाईनं दोन खिळे ठोकून दांडी बसवली. ती बाई प्रत्येक दांडीला एकदा जोरात हिसका द्यायची. मलाही दिला. मी हलले नाही. "ही टिकेल," ती शेजारणीला म्हणाली. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक ते. पुढे पुष्कळ वर्षं तेच पुरवून पुरवून वापरावं लागलं.

कारण मला विकत घेतलं एका मामानं, भाचीच्या लग्नात द्यायला. भाचीचं सासर म्हणजे खाली बेकरी आणि वर घर. त्या घरातली भांडी माझ्यासारख्या दहा जणी पोटात घालतील एवढाली. नवऱ्या मुलाची थोरली बहीण, म्हणजे पुढे जिला मी आत्या म्हणून ओळखलं, तिनं खोकं उघडून मला बोटावर गरगर फिरवलं.

"एवढीशी? हिच्यात काय चिमणीला अंघोळीचं पाणी तापवायचं?"

सगळे हसले. खोकं बंद झालं आणि मी माळ्यावर गेले. त्या हसण्याचा राग अजून माझ्या बुडाशी आहे, खोटं कशाला सांगू?

माळ्यावर काळोख होता, पण कान उघडे होते. पहाटे खाली भट्टी पेटायची. पिठाची पोती आपटल्याचा आवाज यायचा. मग पाव भाजल्याचा वास जिन्यानं वर चढायचा आणि माझ्या खोक्यातसुद्धा शिरायचा. काही वर्षांनी एका तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू आलं. आत्या तिला खांद्यावर टाकून घरभर फिरायची. "गोल गोल, खमंग, आमचं बिस्किट गं ते!" असं तिचं गाणं. बिस्किटाचं झालं बिस्कू. मुलीला पहिला घास आत्यानंच भरवला, आपल्याच भट्टीतलं बिस्किट पाण्यात भिजवून. हे मी मुद्दाम सांगते आहे. आत्याचं तिच्यावर प्रेम नव्हतं, असं तुम्हांला वाटू नये. प्रेम होतं. माझा राग त्यानं कमी होत नाही, उलट वाढतो.

बिस्कू मोठी होऊ लागली, आणि मला वर वेगळेच आवाज ऐकू यायला लागले. "आई, पोट दुखतंय." "बाबा, मला चक्कर येतेय." "नको ना मला पाव." खाली पावांचे डोंगर, आणि वर त्याच घरातली मुलगी काडीसारखी. आत्या म्हणायची, "शाळेच्या वेळेला बरं दुखतं गं तुझं पोट! त्याला घड्याळ कळतं वाटतं?"

शेवटी आईनं रजा टाकली. आई बसमध्ये कंडक्टर होती, पहिल्या बसवर तिची ड्यूटी असायची. ती बिस्कूला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासण्या झाल्या. संध्याकाळी घरात बैठक बसली.

"तिला गहू चालत नाही," आई म्हणाली. "थोडासुद्धा नाही. कणभरानंसुद्धा आतडी सोलवटतात. पोट पूर्ववत होईपर्यंत दूधही बंद."

मग आत्या म्हणाली, "बेकरीवाल्याची पोर आणि तिला गहू चालत नाही! उद्या मासेवाल्याची पोर म्हणेल, मला पाणी चालत नाही. आपल्या घरात असं कुणी जन्मालाच आलेलं नाही."

"आता आलंय," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की सकाळी ओट्स द्या. पण साधे नाहीत. ओट्सचा दाणा बिचारा निर्दोष असतो, मात्र तो गव्हाच्याच शेतांशेजारी वाढतो, गव्हाच्याच गिरणीत जातो आणि येताना गव्हाची पूड अंगावर घेऊन येतो. म्हणून वेगळे पिकवलेले, वेगळे भरलेले, पाकीटबंद ओट्स हवेत. आणि ते शिजवायला असं भांडं हवं, ज्याला कधी पीठ लागलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी घरातलं एकेक भांडं उचललं आणि परत ठेवलं. पिठाचा हात लागला नाही असं त्या घरात काय होतं? चहाच्या गाळणीवरसुद्धा पीठ. दाराच्या कडीवर पीठ. खुद्द बाबांच्या भुवयांत पीठ. ते खुर्चीवर मटकन बसले. तेव्हा आईला आठवण झाली. "मामानं दिलेली पातेली!"

मित्रांनो, माळ्यावरून मला खाली काढलं, खोक्यावरची धूळ पुसली, आणि ज्या घरानं मला हसून अडगळीत टाकलं होतं, त्या घरात मी एकटीच लायक निघाले. माझ्या दांडीवर आईनं नखाला लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिला. तसाच ठिपका एका लाकडी पळीवर, एका वाटीवर, एका चमच्यावर आणि ओट्सच्या डब्यावर. लाल ठिपका म्हणजे बिस्कूचं. दुसऱ्या कशाला लावायचं नाही.

आता आमचा नाश्ता कसा व्हायचा ते ऐका.

बाबा पहाटेपासून भट्टीवर असायचे. पावांची पहिली खेप गेली की ते वर यायचे, पण तसेच नाही. चपला आणि पिठाचा सदरा जिन्याच्या खालच्या पायरीशी काढून ठेवायचे, वर येऊन डोक्यावरून अंघोळ करायचे, धुतलेले कपडे घालायचे, आणि मगच मला हात लावायचे. त्यांच्या केसांतून पाण्याचे थेंब ओट्यावर पडत असायचे. आधी माझ्यात पाणी. चिमूटभर मीठ. पाण्याला बारीक बुडबुडे फुटले की ओट्स. आच मंद. लाकडी पळी गोल गोल, बुडाला घासून. मग सफरचंदाच्या बारीक फोडी, थोडी दालचिनीची पूड. दाणे फुगायला लागले की झाकण, गॅस बंद, आणि थोडा दम. शेवटी पिकलेलं केळं कुस्करून वर.

"दम धर," बाबा म्हणायचे.

"मी धरलाय. पोट नाही धरत," बिस्कू ओट्यापाशी लोंबकळत म्हणायची.

"त्याला सांग."

"पोटाला कान नसतात, बाबा."

आत्याला हे सगळं नाटक वाटायचं. "पाण्यात शिजवलेलं! ही काय कैद्याची न्याहारी आहे? एक चमचा लोणी तरी सोडा पोरीच्या तोंडात." पण बाबा ऐकत नव्हते, आणि बिस्कू सुधारत होती. गालांवर रंग आला. केस गळायचे थांबले. आधी जी जिना चढताना मध्येच बसायची, ती आता दोन-दोन पायऱ्या टाकत यायची. एकदा तिनं चाटूनपुसून खाल्लेली वाटी बाबांनी उचलली, मग मला उचललं आणि माझ्या दांडीवर थाप मारली. "या घरातलं सगळ्यात शहाणं भांडं आहे हे," ते म्हणाले. कारखान्यातल्या बाईनंतर माझं कौतुक करणारे ते पहिले.

तेव्हाच सगळं थांबलं असतं तर मी आज तुम्हांला गोड गोष्ट सांगितली असती.

भट्टीवरचा कारागीर काम सोडून गेला. दुसरा मिळेना. बाबांना खालून हलता येईना. आईची बस तर उजाडायच्या आधीच निघायची. आत्या म्हणाली, "मी करते. ओट्स शिजवायला काय अक्कल लागते?"

लागते. आणि अकलेहून जास्त विश्वास लागतो. आत्यानं पहिले काही दिवस ठीक केलं. हात धुवायची, डब्यातलेच ओट्स घालायची. मग डबा संपला. ते पाकीटबंद ओट्स आईच्या बसच्या शेवटच्या थांब्यावरच्या एकाच दुकानात मिळायचे. आईला एक शब्द सांगितला असता तर संध्याकाळी पाकीट आलं असतं. आत्यानं शब्द सांगितला नाही. तिनं डबा उचलला, खाली नेला आणि भरून आणला.

डबा तोच. झाकण तेच. लाल ठिपकासुद्धा तोच.

पण आतले ओट्स बेकरीतले. पावांवर भुरभुरायला खाली ओट्सचं एक पिंप असायचं, पीठ मळायच्या टेबलाला टेकून. दिवसभर त्यावर पीठ उडायचं.

मला पहिल्याच दिवशी कळलं. ओट्स पडले आणि माझ्यातलं पाणी पांढुरकं झालं, कपड्यांना घालायच्या खळीसारखं. वर दाट फेस चढला. मला बोलता येत नाही, मित्रांनो. मला एकच गोष्ट करता येते. मी उतू गेले. फसफसून गेले, गॅस विझवला, ओटा भरवला.

"काय कजाग पातेली आहे!" आत्यानं माझ्या झाकणावर पळी आपटली, ओटा पुसला आणि गॅस पुन्हा पेटवला.

बिस्कूनं वाटीभर खाल्लं आणि ती शाळेत गेली. त्या दिवशी काहीच झालं नाही. हा आजार असाच असतो. तो दार ठोठावून येत नाही, वाळवीसारखा आतून खातो. आत्या मला घासता घासता स्वतःशीच बोलत होती. "बघ. झालं काही? काही झालं नाही. काही महिने देते गपचूप, मग सगळ्यांना सांगते. त्या डॉक्टरीणबाईंनाही सांगते."

तिला बिस्कूचं वाईट करायचं नव्हतं. तिला फक्त बरोबर ठरायचं होतं. मी म्हणते, कुणाच्या जेवणावर असली पैज लावायचा तुम्हांला अधिकार कुणी दिला? आणि तीसुद्धा ज्याचं पोट आहे त्याला न सांगता?

रोज सकाळी मी उतू जायचे. रोज ते पीठ माझ्या बुडाला लागायचं, करपायचं. आत्या वरवर घासायची आणि करपलेलं तसंच राहायचं. आणि बिस्कू पुन्हा जिन्यात मध्येच बसायला लागली.

आता ऐका मला कशाचा राग आहे ते. मला रागाला एक शब्द पुरतो. तो शब्द म्हणजे "खरंच".

"खरंच दुखतंय का गं?" आईनं विचारलं.

"आता तर तू सगळं नीट खातेस. खरंच दुखतंय का?" शाळेतल्या बाईंनी विचारलं म्हणे.

"बिस्कू, माझ्याकडे बघून सांग. खरंच?" हे बाबांनी विचारलं. बाबांनी! ज्यांनी तिच्यासाठी डोक्यावरून अंघोळी केल्या, त्यांनी. बिस्कूनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "माहीत नाही." नऊ वर्षांच्या मुलीला आपलं पोट दुखतंय की नाही हे माहीत नसावं, इथपर्यंत त्या शब्दानं तिला आणलं होतं. मी ओट्यावर पालथी पडून हे ऐकत होते. त्या क्षणी मला गॅसची गरज नव्हती. मी तशीच उकळत होते.

एका रविवारी आईनं मला घासायला घेतलं. आत बोट फिरवलं आणि ती थबकली. "हे बघा बूड! किती करपलंय! रोज हेच जळकं पोरीच्या पोटात जातंय."

"मी कधीची सांगतेय," आत्या म्हणाली, "ती पातेलीच दळभद्री आहे."

बाबांनी मला हातात घेऊन पाहिलं. मला वाटलं, आता यांना कळेल. आयुष्य पिठात गेलेला माणूस, काय करपलंय ते वासावरून ओळखेल. पण ते इतके थकलेले होते की त्यांना उभ्या उभ्या झोप येत होती. "नवीन आणू," ते म्हणाले.

नवीन आली. काळी, गुळगुळीत, काचेचं झाकण घातलेली, स्वतःवर खूश. आणि मी बेकरीत गेले. तिथे आत्यानं मला पातळ पिठाची खळ ठेवायला घेतली. पावांना तकाकी यावी म्हणून भट्टीत जाण्यापूर्वी त्यांच्यावरून ब्रशनं फिरवतात ती खळ. गव्हाचा कण लागू नये म्हणून जिला जपलं, तिच्या तोंडापर्यंत गव्हाचं पीठ कालवलं. ते माझ्या दांडीच्या खिळ्यांखाली शिरलं आणि तिथे वाळून बसलं. लाल ठिपका त्याखाली दिसेनासा झाला.

टेबलाच्या वरच्या फळीवरून मला सगळं दिसायचं. ओट्सचं पिंप, त्याला खेटून तिळाचं पिंप, दोघांत मिळून एकच पत्र्याचा डाव. आणि डबा संपला की आत्या तो घेऊन खाली यायची, तेही दिसायचं. माझ्यासमोर भरून न्यायची. मला तिथे उतूही जाता येत नव्हतं.

मग ती सकाळ उजाडली.

बिस्कूला बेकरीत पाऊल ठेवायची मनाई होती. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी राहिली. शाळेचे कपडे घातलेले, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चमचा. चेहरा पावाच्या कच्च्या पिठासारखा.

"बाबा, ओट्सना तीळ येतात का?"

बाबांचे हात कोपरापर्यंत कणकेत होते. "काय?"

"तीळ. हा बघा." तिनं चमचा पुढे केला.

बाबा हात मागे धरून वाकले आणि चमच्यात बघत राहिले. एकच तीळ होता. मग त्यांनी मान वळवून टेबलाशेजारच्या दोन पिंपांकडे पाहिलं. मग त्या डावाकडे. बेकरीत जन्म काढलेल्या माणसाला त्यापुढे काही विचारायचं राहत नाही. तरी त्यांनी विचारलं.

"ताई, वरचा डबा कुठून भरलास?"

आत्या काउंटरवर होती. पुढे दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. ती वळली, आणि मित्रांनो, ती हसत होती.

"कुठून म्हणजे? आपल्याच इथून! आणि आज नाही, कधीपासून भरतेय. मी सांगणारच होते तुम्हांला." ती गिऱ्हाइकांकडेही पाहून बोलायला लागली. "अहो, आमच्या घरात आता पाकीटबंद दाणे लागतात, आपल्या भट्टीचं चालत नाही! आणि ही बघा, रोज खातेय. झालं काही? चांगली दोन पायांवर उभी आहे."

एक गिऱ्हाईक हसलंसुद्धा.

बिस्कू आता उभी नव्हती. ती पायरीवर बसली होती, वाटी मांडीवर धरून. तिचा आवाज अगदी हळू आला, पण भट्टीच्या घरघरीतही तो सगळ्यांना ऐकू गेला.

"म्हणजे माझं पोट खरंच दुखत होतं."

तक्रार नव्हती ती, मित्रांनो. तिला हायसं वाटलं होतं. आपण खोटं बोलत नव्हतो, हे त्या पोरीला त्या क्षणी कळलं. मी आयुष्यात पुष्कळ चटके सोसले, पण त्या वाक्याइतका खोल चटका दुसरा नाही.

हसणारं गिऱ्हाईक पाव न घेताच निघून गेलं. बाबांनी हात धुतले. कितीतरी वेळ धुतले. मग भट्टीचं दार बंद केलं आणि बेकरीचं शटर भरदिवसा खाली ओढलं.

दुपारी आई कामावरून आली ती युनिफॉर्मवरच, खांद्याला तिकिटांची पिशवी. बाबांनी सांगितलं. आईचा आवाज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचायची सवय झालेला आवाज होता. त्या दिवशी तो गल्लीच्या टोकापर्यंत पोचला.

"वन्सं, मी रोज बसभर माणसांना सांगते, दारात उभं राहू नका, पडाल. त्यातला कुणीतरी म्हणतोच, मला काही होत नाही. पण खरंच पडतो का, हे बघायला मी त्याला ढकलून देत नाही!"

"मी तिचं वाईट चिंतलं का गं?" आत्या रडायला लागली. "बिस्किट म्हणते मी तिला. माझ्या हातचं खाऊन वाढली ती."

"चिंतलं नाहीत. केलंत."

बाबा तेवढ्यात फळीकडे पाहत होते. माझ्याकडे. त्यांनी मला खाली घेतलं, आतली खळ ओतून दिली आणि बुडावर अंगठा फिरवला. "ओट्स असे करपत नाहीत," ते म्हणाले. "पीठ बुडाला लागतं. हे मला कळायला हवं होतं. ही रोज ओरडून सांगत होती आणि आपण हिलाच हाकललं."

नवीन काळी पातेलीही पिठाच्या ओट्सनी बाटली होती, तिचं गुळगुळीत अंग ओरखडलं होतं, त्यामुळे तीही बाद. आई म्हणाली, आणखी एक आणू. पण बिस्कू हटून बसली. "मला माझीच हवी."

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गुळगुळीत स्टील नीट घासून निघतं, पण सांध्यांत, खिळ्यांखाली बसलेलं पीठ निघेल याची खात्री नाही. मग बाबा मला भांडी दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले.

"खिळे काढा. दांडी काढा. भोकं धातूनं बुजवून आतून सपाट करा," बाबा म्हणाले.

"अहो, मग धरणार कशी हिला? दांडी घट्ट आहे, काही झालेलं नाही तिला."

"पकडीनं धरू."

एका बाईनं हिसका देऊन पारखलेली ती दांडी. तिचं काही चुकलं नव्हतं. माझंही नव्हतं. तरी किंमत आम्ही मोजली. छिन्नीचे घाव बसत होते तेव्हा मला दुखलं का, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं: हो, खरंच.

मला घासलं, उकळलं, पुन्हा घासलं. काठाखाली, बाहेरच्या बाजूला आईनं नवा लाल ठिपका दिला. बाबांनी बेकरीच्या दारावर लिहिलं, कारागीर मिळेपर्यंत बेकरी उशिरा उघडेल. आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या ओल्या केसांतले थेंब पुन्हा ओट्यावर पडले.

बिस्कू बरी झाली. लगेच नाही. त्या महिन्यांत तिची वाढ खुंटली होती, आणि ती पूर्णपणे भरून निघाली नाही. आज ती मोठी बाई आहे, नोकरी करते, पण वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला स्टूल लागतं. ती स्टुलावर चढली की दर वेळी मला आत्याचं काउंटरवरचं ते हसणं आठवतं.

आत्या आता फार म्हातारी झाली आहे. दात नाहीत, मऊ लागतं. ती बिस्कूकडेच राहते. बिस्कू रोज सकाळी माझ्यात ओट्स शिजवते, आधी स्वतःचे आणि मग आत्याचे. परवा तिनं वाटी आत्यापुढे ठेवली, तर आत्यानं विचारलं, "दूध घातलंस का गं यात?"

"नाही. तुला हवंय?" बिस्कू म्हणाली. "हवं असेल तर तुझ्या वाटीत घालते. विचारल्याशिवाय मी कुणाच्या वाटीत काही घालत नाही, आत्या."

आत्यानं खाली मान घालून खायला सुरुवात केली. दूध मागितलं नाही.

मित्रांनो, भांडी स्वच्छ ठेवा, जपून वापरा, हे तुम्हांला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणीतरी म्हणेल की मला हे चालत नाही. तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघून "खरंच?" म्हणू नका. हसू नका. थोड्यानं काय होतंय, असं म्हणून त्याच्या ताटात काही सरकवू नका. त्याचं पोट त्याला कळतं. तुमचं काम एवढंच, की त्याचा चमचा वेगळा ठेवायचा. आणि तुम्हीच ते कुणीतरी असाल, तर आपल्या पोटावर विश्वास ठेवा. सगळं घर उलट बोललं तरी ठेवा.

बिस्कूनं आत्याला माफ केलं आहे. मला दिसतं ते. ती तिची शाल नीट करते, तिचं तोंड पुसते. तो तिचा मोठेपणा.

मी केलेलं नाही. आत्याच्या वाटीचे ओट्स शिजत असतात, आच मंद असते, बिस्कू पळी फिरवत असते, सगळं कसं नीट चाललेलं असतं. तरीही मी एकदा तरी उतू जातेच.